अण्णांच्या पंपाची धास्ती

जुने फिटर एकत्र बसले की किस्से निघतातच, एकातून दुसरा. आमचे गमतीनं सुरू होतात. पण आज हसतोय त्यातल्या प्रत्येक वेळी आमची पाचावर धारण बसली होती!

सन तीसच्या पुढची दोन-तीन वर्षं. सोलापुरात गिरणीमागच्या गल्लीत अण्णांचं वर्कशॉप होतं. आसपासच्या गावांत तेलावरची इंजिनं नवीन आलेली. इंजिनात तेल फवारणाऱ्या पंपात बोटाएवढी पोलादी दांडी असते, तिला प्लंजर म्हणायचं. ती बॅरल नावाच्या नळीत खालीवर होते. दोघांतली फट इतकी बारीक हवी की दाबलेलं तेल मागं येता कामा नये. विलायती प्लंजर आपल्या धुळीत एक हंगाम टिकेना, आणि नवा हवा तर बोटीची वाट बघा!

अण्णा म्हणाले, "आपणच करू. त्यांच्याहून टिकाऊ."

लेथवर व्यंकय्या, भट्टीवर हुसेनचाचा आणि फिटर मी, कुंभारी गावचा. तिघांनीही मान हलवली. कशाला हलवली, असं पुढं फार वेळा वाटलं.

*

पहिला धडा भट्टीनं दिला. लालभडक बॅरल तेलात बुडवलं की चाचा कान लावून ऐकायचे. 'टिक्' वाजलं की समजायचं, तडकलं.

एका सकाळी काहीच वाजलं नाही. चाचा खूश. बॅरल गार करून टेबलावर ठेवलं आणि आम्ही चहाला उठलो. दाराबाहेर पाऊल टाकलं न टाकलं तोच मागं बंदूक उडाल्यासारखा आवाज! वळून बघतो तर बॅरल आपोआप फुटलेलं, आणि त्याचा एक तुकडा दाराच्या फळीत रुतलेला. माझ्या छातीएवढ्या उंचीवर.

चाचांनी फळीला हात लावून बघितला. म्हणाले, "चाय पीने कू उठे, सो बचे!"

अण्णा हसले नाहीत. त्यांनी ड्रॉइंग काढलं आणि बॅरलच्या आतला काटकोनी कोपरा खोडून तिथं गोलाई दिली. "पोलाद कोपऱ्यातच फुटतं," एवढंच बोलले.

*

गोलाई दिल्यावर बॅरलं टिकायला लागली. मग हातानं लीव्हर दाबून दाबाची टेस्ट सुरू झाली. एकदा जोडापाशी तेल झिरपतंय असं वाटलं म्हणून व्यंकय्यानं तिथं बोट नेलं.

"मुंगी चावली की!" म्हणून त्यानं बोट झटकलं. रक्त नाही, काही नाही. टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. आम्ही त्याची चेष्टा केली.

दिवस मावळायच्या आत हात कोपरापर्यंत टरटरून सुजला. डॉक्टरांनी चिरा दिला तर आतून आमचंच तेल आलं! दाबानं ते कातडीतून थेट आत घुसलं होतं. हात वाचला, पण ते बोट गेलं.

अण्णा खाटेजवळ मान खाली घालून बसले होते. व्यंकय्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "अण्णा, प्रेशर लई भारी आलाय की!"

अण्णा उठून बाहेर गेले. त्या दिवसापासून टेस्टच्या वेळी आम्ही तिघं लोखंडी पत्र्यामागं आणि लीव्हरवर अण्णा एकटे, असा नियम झाला.

*

मधल्या काळात भुताटकीही झाली! सकाळी बॅरलमध्ये सर्रकन जाणारा प्लंजर दुपारी अडकायला लागला. चाचा दोन पावलं मागं सरले. "इसमें कोई बैठा है, अण्णा. मैं हात नै लगाता."

अण्णांनी तो प्लंजर माठातल्या पाण्यात बुडवून काढला. सर्रकन गेला. तळहाताच्या उबेनं तो फुगत होता, दुसरं काही नाही.

चाचा म्हणाले, "तो फिर हात का भूत है!"

*

उबेचं हे कळूनही आम्ही चुकलो. मंद्रूपला कापसाच्या जिनिंगमध्ये आमचा पहिला प्लंजर बसवला. गळू नये म्हणून मीच तो जरा घट्ट ठेवला होता. इंजिन तापलं, प्लंजर फुगला, आणि अडकला तो भरपूर तेल सोडायच्या जागीच!

इंजिन बेलगाम सुटलं. आवाज चढत चढत किंचाळीवर गेला. धुराड्यातून ठिणग्या, आणि चारी बाजूला कापूस! आतल्या बाया ओरडत बाहेर पळाल्या. मी जागीच थिजलो.

"हवा कोंड! हवा!" अण्णा ओरडले.

मी खांद्यावरची घोंगडी इंजिनाच्या हवा ओढायच्या तोंडात कोंबली. इंजिननं अर्धी ओढून घेतली, दोन गचके दिले आणि थांबलं. मी तिथंच मटकन बसलो.

दारातनं एक म्हातारी डोकावली. "फिटरबाबा, जेवलं का वो तुमचं इंजिन?"

*

मंद्रूपनंतर अण्णांनी नवं बॅरल काढलं, जाड भिंतीचं. मी भिंगाखाली बघून ते पास केलं. टेस्टच्या वेळी नेमक्या वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, जेवणाचा डबा घेऊन आल्या.

आम्ही तिघं पत्र्याआड, अण्णा एकटे पुढं. वहिनींनी सगळीकडं नजर फिरवली.

"हे लोक मागं का?"

"नियम आहे," अण्णा म्हणाले.

वहिनींनी स्टूल ओढलं, पंपासमोर मांडलं आणि डबा मांडीवर घेऊन बसल्या. "करा चालू."

"तू बाजूला हो बघू."

"बॅरल चांगलं आहे ना?"

"आहे."

"मग करा की."

अण्णांनी लीव्हर धरला. हात खाली जाईना. शेवटी लीव्हर सोडून म्हणाले, "पाना दे रे."

मला रागच आला. पास केलेलं बॅरल! पण खोललं. रॉकेलमध्ये बुडवलं, कोरडं पुसलं, वर खडूची पूड फासली. बघता बघता पांढऱ्यावर एक ओली काळी रेघ उमटली. केसाएवढ्या तड्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.



"तुला कसं कळलं?" अण्णांनी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं?" वहिनी उठल्या. "जेवून घ्या, भाकरी गार होतेय."

पुन्हा टेस्टला वहिनी कधी आल्या नाहीत. पण अण्णा दर वेळी ते रिकामं स्टूल स्वतः उचलून पंपासमोर मांडायचे. आम्ही पत्र्याआड. अण्णा लीव्हरवर हात ठेवायचे आणि स्टुलाकडं बघत राहायचे.

कधी दाबायचे. कधी नुसताच मागं हात करायचे. "पाना दे रे."