सासूबाईंचं गरम पाणी

शाळेत त्याचं नाव ‘अंदाजपंचे’ होतं. गणित न सोडवताच उत्तर सांगायचा आणि ते निम्म्या वेळा बरोबर यायचं, त्यामुळे धड रागावताही येत नसे. हल्ली त्याला अंदाजाचाच पगार मिळतो. वीजकेंद्रातली यंत्रं थंड करून तापलेलं पाणी समुद्रात सोडतात. ते भरती-ओहोटीबरोबर कुठे जाईल, कुठवर गरम राहील, हे तो संगणकावर मांडतो. पडद्यावर निळा समुद्र आणि त्यात एक तांबडा डाग. बायको म्हणते, सांडलेल्या चहाकडेही कुणी इतकं टक लावून बघत नाही.

हा डाग किनाऱ्याला चिकटून थेट खडकांपर्यंत जायचा. तिथे पाण्यातला प्राणवायू घटला, शेवाळ माजलं, मासे पांगले, ते यामुळेच. तेव्हा हे पाणी सोडणारा नळ खोल समुद्रात न्या, असा त्याचा अहवाल. केंद्राचे मोठे साहेब म्हणत, पाणी खडकांपर्यंत पोचेस्तोवर गार होतं, बाकी सगळी चित्रकला. सुनावणीत पटवता आलं नाही तर अहवाल रद्दीत आणि हा घरी.

घरी बसणंही सोपं नव्हतं. घरात सासूबाई होत्या. त्या मैत्रिणींचं टोळकं घेऊन रोज सकाळी त्याच खडकांपाशी, गळाभर पाण्यात गुडघे शेकत बसत. जावई आपलं सुख खोल समुद्रात धाडतोय हे कळल्यापासून त्यांनी अबोला धरला होता. मीठ हवं असलं तरी निरोप मुलीमार्फत यायचा.

सुनावणीला टोळकं पहिल्या रांगेत. साहेबांनी गार पाण्याचं पुराण लावलं. अंदाजपंचे घाम पुसत उठणार, तोच सासूबाई उभ्या राहिल्या.

“नळ हलवायचा नाही. ऐन थंडीतसुद्धा तिथलं पाणी इतकं गरम असतं, की बाहेर यावंसं वाटत नाही. जावयाचं काय ऐकता? त्याला काय कळतंय?”

“खडकांपाशी? नक्की?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“मग काय खोटं सांगते?”

टोळक्याने माना डोलावल्या. साहेबांनी डोळे मिटून घेतले. आणि अंदाजपंचेने, आयुष्यात पहिल्यांदाच, उत्तर माहीत असूनही तोंड उघडलं नाही.

अध्यक्षबाईंनी खडकांपाशी मोजमाप करवलं. ते डागाशी जुळलं. नळ गेला खोल समुद्रात.

आता जावई रोज सकाळी बादलीभर पाणी तापवून, मीठ टाकून, सासूबाईंच्या पायाशी ठेवतो. त्या बोलायलाही लागल्यात.

“कोमट आहे,” त्या म्हणतात. “बादलीचा अंदाज येत नाही, आणि म्हणे समुद्र.”