गऱ्यांचा डबा

दर मे महिन्यात आमच्याकडे कच्च्या फणसाचे गरे तळले जायचे. फणस फोडायचा, गरे उभे चिरायचे, मोठ्या कढईत तळताना वरून मिठाचं पाणी शिंपडायचं आणि तेल तडतडलं की मागे सरकायचं. दोन दिवस घरात दुसरं काही सुचत नसे. त्यातला एक मोठा पत्र्याचा डबा नणंदेच्या नावाचा. ती मुंबईला असायची. गणपतीला आली की डबा तिच्या हवाली व्हायचा. तोवर त्याचा मुक्काम कोठीच्या खोलीत, वरच्या फळीवर.

ऐंशीच्या दशकातल्या एका वर्षी तो डबा आषाढातच तळाला गेला.

सुरुवात एका व्याख्यानाने झाली. पुण्याहून एक आहाराचार्य आले होते. त्यांचा परिचय इतका लांबला की श्रोत्यांना आधीच भूक लागली. मग आचार्यांनी सांगितलं, भात हा कोकणी माणसाचा शत्रू आहे. सभागृहातली झाडून सगळी माणसं दुपारी भात जेवून आली होती आणि रात्री भातच जेवणार होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. शाल-नारळ झाला. नंतर बटाटेवडे होते. आचार्यांनी दोन घेतले.

हे सगळं दिसत असूनही मी घरी येऊन भात सोडला. मी शाळेत इतिहास शिकवायचे. स्नेहसंमेलनाच्या फोटोत पहिल्या रांगेत माझी खुर्ची दिसत नव्हती, नुसती मीच दिसत होते. एसटी स्टँडवरच्या वजनाच्या यंत्राने तिकिटावर आकडा दिला आणि मागच्या बाजूला मी उदार स्वभावाची असल्याचं छापून दिलं. त्या उदारपणाचं काही वाटलं नाही. आकडा मात्र डोक्यात बसला.

आमच्या घरात न जेवणं सोपं नव्हतं. पानावर कमी वाढून घेतलं की सासूबाई आधी कपाळाला हात लावून बघायच्या, मग विचारायच्या, "कोणी काय बोललं काय गो तुला?" यातून सुटायचा एकच मार्ग होता. उपवास. उपवास करणाऱ्या बाईला कोणी कारण विचारत नाही. सासूबाईंचे सोमवार, गुरुवार आणि संकष्टी होतेच. मी त्यांच्या सोमवार-गुरुवारात सामील झाले आणि आपल्या पदरचा एक शनिवार घातला. त्या हरखल्या. शेजारणींना सांगू लागल्या, "शिकलेली आहे, पण देवाधर्माचं आहे हो." आळीत माझी धार्मिक म्हणून कीर्ती झाली. देवाचं नाव मी फक्त वजनकाट्यावर चढताना घेत होते.

उपवासाच्या दिवशी मी काकडी आणि ताक घ्यायचे. बाकीच्या दिवशी आचार्यांच्या सांगण्याप्रमाणे उकडलेला दुधी. साडेचारला शाळेतून घरी यायचे तेव्हा सासूबाई देवळात पोथीला गेलेल्या असायच्या. नवरा बँकेत. घर रिकामं. मी कोठीच्या खोलीत जायचे आणि वरच्या फळीवर हात घालायचे.

एकच गरा, असं ठरवून घातलेला तो हात असायचा. पुढचं चव घेत खाल्लेलं नसायचं. मूठ भरायची, तोंडात टाकायची, ती संपायच्या आत दुसरी. उभ्या उभ्या, दाराकडे कान देऊन. गरे नसले तर गूळ, पोहे, भिजवायला ठेवलेल्या डाळीतली डाळ. दम लागला की थांबायचं. मग तोंड पुसायचं, फळीवरचा चुरा झटकायचा, आणि ठरवायचं की उद्यापासून ताकसुद्धा नाही. तह मोडण्यासाठीच केले जातात हे मी मुलींना वर्गात शिकवत होते. स्वतःशी रोज नवा तह करताना ते आठवत नसे. उद्याचा दिवस जितका कडक, तितकी साडेचारची मूठ मोठी.

मग एक विचित्र गोष्ट माझ्या ध्यानात आली. डबा माझ्या खाण्यापेक्षा भराभर उतरत होता. आदल्या दिवशी हात कोपरापर्यंत जायचा, दुसऱ्या दिवशी खांद्यापर्यंत घालावा लागायचा. नवऱ्याचा संशय घ्यावा, तर त्याला स्वतःचा चष्मा कुठे आहे हे ठाऊक नसे. उंदीर झाकण बंद करून जात नाहीत. राहिले मीच. म्हणजे मी खात होते आणि खाल्लेलं मला आठवतही नव्हतं. तेव्हा मात्र मी घाबरले. जाड होण्याचं भय एका बाजूला राहिलं. माझे हात माझं ऐकत नाहीत, डोकंही हिशेब ठेवत नाही, असं वाटू लागलं. गणपतीत नणंद डबा उघडणार आणि सगळ्यांदेखत मी काय आहे ते बाहेर येणार, हे तर रोज डोळ्यांसमोर यायचं.

एका गुरुवारी पावसाने रस्ते तुंबले म्हणून शाळा लवकर सोडली. मी भिजलेली, म्हणून मागच्या दाराने आले. कोठीच्या खोलीत सासूबाई उलट्या ठेवलेल्या घमेल्यावर बसल्या होत्या. मांडीवर डबा. तोंड भरलेलं.

त्यांनी घास गिळला. "शाळा सुटली?"

"पावसामुळे सोडली."

"हं."

पागोळ्यांचा आवाज येत होता. मी विचारलं, "आई, गरे उपवासाला चालतात ना?"

"चालतात. किती चालतात ते कोणी सांगितलं नाही." मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुझापण गुरुवारच ना? तू रोज येतेस काय इथे?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"मेले मी," त्या म्हणाल्या. "अगो, मला वाटलं मीच सगळे खाल्ले. मला वाटलं भस्म्या झाला मला."

"मला वाटलं मला झाला."

त्या हसायला लागल्या. हसताना त्यांना ठसका लागला, म्हणून मी पाणी आणलं, आणि मग मीही दुसरं घमेलं उलटं करून बसले. डब्यात उरलेले गरे आम्ही दोघींनी खाल्ले. त्या डब्यातले मी चवीने खाल्लेले ते पहिले गरे. मीठ जरा जास्त झालं होतं.

बोलता बोलता कळलं की सोमवार त्यांनी मुलाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, लहानपणच्या विषमज्वरात धरला होता. गुरुवार माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात. मुलगा बरा झाला, सासरे गेले. उपवास दोन्ही राहिले. "सकाळी चक्कर येते. दुपारी हात थांबत नाही. पण सोडला नि काय झालं तर? मला देवाची भीती वाटते गो. तुला कोणाची?"

"आरशाची," मी म्हटलं.

त्यांनी थोडा विचार केला. "मग उद्यापन करूया."

मला ते सुचलंच नसतं. व्रत नुसतं सोडता येत नाही, पण त्याचं उद्यापन करता येतं: पूजा करायची, सवाष्णी जेवू घालायच्या, आपण जेवायचं, आणि देवाच्या संमतीने मोकळं व्हायचं. आचार्यांच्या आहारात सुरू करण्याचे विधी भरपूर होते. संपवण्याची सोय कोणी केलेली नव्हती.

श्रावणातल्या एका गुरुवारी भटजी आले. "वहिनींचे सोमवार-गुरुवार समजले," ते म्हणाले, "सूनबाईंचं कोणतं व्रत?"

"तिचं पुण्याचं आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगा मंत्र."

भटजींनी सांगितले. संकष्टी सासूबाईंनी ठेवली. माहेर हेदवीकडचं, तिथल्या गणपतीशी वाकडं घ्यायची त्यांची तयारी नव्हती. पण तीसुद्धा दुपारी पोटभर फराळ करून. त्या दिवशी मी सवाष्णींच्या पंगतीत बसून भात घेतला. वरण-भात, मग परत भात. कोणी बघत नव्हतं. मी इतके महिने ज्यांच्या नजरेला भीत होते, त्या बायका आपापल्या पानात गुंतलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत जायच्या आधी आम्ही दोघी पेज घेऊ लागलो. उकड्या तांदळाची, कैरीच्या लोणच्याबरोबर. श्रावण संपल्यावर भाजलेल्या सुक्या बांगड्याबरोबर. उद्यापनाने जादू वगैरे झाली नाही. साडेचारला पाय कोठीकडे वळायचेच. पण आता सासूबाई पोथीला उशिरा जायच्या, आणि स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "पाट घेऊन जा गो. नि ताटली."

पाटावर बसून, ताटलीत घेऊन खायला लागलं की मधेच कधीतरी पुरे वाटतं. कधी वाटायचं नाही. मग त्या म्हणायच्या, "खा. पण उद्याची पेज चुकवायची नाही." एवढाच दंड. एकदा मी पोह्यांचा डबा घेऊन बसले असताना त्याच दुसरा पाट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सरक." माझं वजन पुढे कुठे जाऊन थांबलं ते ठाऊक नाही, स्टँडवरच्या यंत्राकडे मी परत गेले नाही.

त्या गणपतीत नणंदेला सांगितलं की यंदा फणस कमी लागले.

पुढच्या मे महिन्यात गरे पुन्हा तळले. डबा खालच्या फळीवर ठेवला. पावसाच्या सुरुवातीला आम्ही अधूनमधून काढून खाल्ले, मग शाळा, भाताच्या लावण्या, सणवार, पाहुणे. गणपतीला नणंद आली, हातपाय धुतले आणि थेट कोठीत गेली. डबा जवळजवळ भरलेला होता. तिने एक गरा तोंडात टाकला आणि चेहरा वाकडा केला.

"वहिनी, खवट झालेत हे. कोणी खात नाही काय तुमच्याकडे?"

सासूबाई मोदकांची उकड मळत होत्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"खातो गो," त्या म्हणाल्या. "आम्ही सकाळची पेज घेतो ना. आठवण राहिली नाही बघ."