रशिदा खोटं बोलत नव्हती

गुंजवण्याला माझ्या बहिणीच्या घरी मोबाईलला रेंज नसते. धरणाच्या बाजूला चढावर जाऊन उभं राहिलं की दोन काड्या येतात. बहिणीच्या भाताची लावणी चालली होती म्हणून मी दोन दिवस तिच्याकडे होते, आणि संध्याकाळी सहज त्या चढावर गेले तर फोन वाजला. नसीम होती, रशिदाची मुलगी. "बाई, अम्मी गेली," एवढंच म्हणाली. मी विचारलं, "कुठं गेली?" तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईचा हा प्रश्न. नसीम रडायला लागली तेव्हा कुठं मला उमगलं. साधा ताप म्हणून सुरुवात झाली होती, त्याचा न्यूमोनिया झाला आणि चौथ्या दिवशी सगळं आटोपलं. मी भोरला पोचेपर्यंत दफन झालं होतं. बायका घरात बसल्या होत्या, त्यांच्यात जाऊन बसले. मागनं कुणीतरी हळूच म्हणालं, "पोट कापून घेतलं तवाच म्हनलं हुतं म्या." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मयताच्या घरी तोंड उघडता येत नाही. ऑपरेशनला तीन वर्षं झाली होती, आणि ही तीन वर्षं रशिदाच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली होती. परवा चाळिसावा झाला. आता बोलते.

आमच्या शाळेच्या रस्त्याला रशिदाचं शिवणाचं दुकान होतं. एका खोलीचं दुकान, मागं घर. नवरा इकबालभाई हायवेला टेम्पो चालवायचा. ब्याण्णव साली मी पहिला ब्लाऊज टाकायला गेले आणि मग जातच राहिले, मधल्या सुट्टीत डबाही तिथंच खायला लागले. ती मला कायम 'बाई' आणि 'तुमी' म्हणायची, मी तिला एकेरीत. पासलीहून माझी आई आली की दोघींचं असं काही जमायचं की मी मधे नकोशी व्हायचे. रशिदा अंगानं फार मोठी होती. मशिनीपुढचं स्टूल सुताराकडून मुद्दाम रुंद करून घेतलेलं. रस्त्यानं चालली की पोरं मागनं तिच्या चालीची नक्कल करायची आणि ती मागं वळायची नाही. "मी तुमच्याएवढंच खाते ओ बाई," ती मला सांगायची. "कमीच खात असंन. दिसभर भूक लागती, ती दाबून बसते. तरी अंग ऐकत न्हाई." मी हसायचे. म्हणायचे, "रशिदा, खाल्ल्याशिवाय अंगाला लागत नाही. गणित आहे ते." मला वाटायचं, मी तिला विज्ञान सांगतेय.

एका मे महिन्यात मला प्रयोगाची हुक्की आली. इकबालभाई लांबच्या भाड्यावर होता, नसीम आजोळी गेली होती. मी रशिदाला म्हटलं, पंधरा दिवस माझ्याकडे राहा, मी ताट वाढते, बघू वजन कसं उतरत नाही. आली बिचारी. मशीनही आणली, कारण लग्नसराईचे कपडे शिवायचे होते. सकाळी अर्धी भाकरी, दुपारी एक, भाजी, ताक, संध्याकाळी आमटी आणि मूठभर भात. वजन करायला मी तिला धान्याच्या आडतीवर न्यायचे, पोती चढवतात त्या काट्यावर. आज ते आठवलं की मला स्वतःची लाज वाटते, तेव्हा वाटली नाही. पहिल्या आठवड्यात काटा खाली आला आणि मी खूश. दुसऱ्या आठवड्यात ती मे महिन्यात शाल पांघरून बसायला लागली, दोरा ओवताना हात थरथरायला लागले, आणि पंधराव्या दिवशी काटा जागचा हलला नाही. मी घरी आले आणि दोन गिऱ्हाइकं समोर बसलेली असताना तिच्या मशिनीचा खण ओढून आत हात घातला. बॉबिनी, खडू, हुक, बटणं. खायचं काही नव्हतं. रशिदानं शिलाई थांबवली. "खालचा राहिला," म्हणाली, आणि तो तिनं स्वतःच उघडून दाखवला. त्यातही काही नव्हतं. मी "असो" म्हटलं आणि चहा ठेवायला गेले. त्याच संध्याकाळी ती तिच्या घरी गेली. मैत्री तुटली नाही, पण त्यानंतर कित्येक वर्षं खाण्याविषयी ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

पुढं गुडघे गेले, साखर आली, इंजेक्शनं सुरू झाली. तिच्या भावानं दुबईहून हट्टच धरला आणि दोन हजार सहाला पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं. जठराचा एवढासा भाग ठेवायचा आणि आतडं वळवून तिथं जोडायचं. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, त्या चरबीतून रक्तात जी संप्रेरकं येतात त्यांचा अभ्यास करत होत्या. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर अधनंमधनं रक्त द्याल का, असं त्यांनी विचारलं. रशिदा म्हणाली, "न्या की. कुनाच्या तरी कामाला येऊ द्या हे अंग." मी तिथंच उभी होते आणि मनात म्हणत होते, चरबीतून संप्रेरकं? चरबी म्हणजे साठा, कोठारातलं धान्य, असं मी दरवर्षी फळ्यावर लिहिलं होतं. मग पहिलं आश्चर्य घडलं. आठवड्याभरात साखर उतरली. अजून अंगातला एक कपडा ढिला झाला नव्हता, आणि इंजेक्शन जवळपास बंद. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे कसं? त्या म्हणाल्या, "आतड्याचे निरोप बदललेत. चरबीचे बदलायला वेळ लागेल."

आता माझ्या दुसऱ्या पराक्रमाविषयी. रशिदा घरी आल्याचं कळलं तशी आई पासलीहून डबा घेऊनच उतरली. पोटावर टाके पडलेली बाई म्हणजे आमच्याकडे बाळंतीणच. तिला डिंक, खारीक, खोबरं, तूप गेलंच पाहिजे, नाहीतर कंबर जन्माची जाते. "एवढं पोट फाडलंया आन् नुसत्या पान्यावर ठिवलंया व्हय तिला?" आई म्हणाली. आणि मी, गोड-तूप बंद असा दवाखान्यातला कागद स्वतः वाचलेली, तो डिंकाच्या लाडवांचा डबा आणि आईला घेऊन तिच्या घरी गेले. लाडू चालत नाही हे रशिदालाही ठाऊक होतं. पण म्हातारी एवढ्या लांबून आलीय, समोर बसून बघतेय... तिनं अर्धा लाडू खाल्ला. वीस मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढं अंधारी. भिंतीला टेकून बसली ती पार संध्याकाळपर्यंत. आई तिचे पाय चोळत रडत होती, आणि रशिदा तिलाच समजावत होती, "तुमचा लाडू ब्येस झालाय, आई. माझं पोटच नवं हाय." त्यानंतर माझी आई तिच्यासाठी मुगाचं कढण करून, गाळून, वाटीभर मापून न्यायची.

वर्ष झालं तेव्हा तपासणीला मी बरोबर गेले. रशिदा जवळजवळ निम्मी झाली होती. स्वतःचे जुने कुर्ते उसवून तिनं एकातून दोन काढले होते. डॉक्टरीणबाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, आधीचा आणि आत्ताचा. म्हणाल्या, "चरबी मुकी नसते. ती मेंदूला सारखं कळवत असते की भरपूर साठा आहे, आता पुरे. त्या निरोपाचं नाव लेप्टिन. तुमच्या रक्तात ते खूप जास्त होतं." रशिदा म्हणाली, "मग मला भूक का लागायची?" त्या म्हणाल्या, "एसटी स्टँडवरचा भोंगा दिवसभर चालू असला तर तिथल्या दुकानदाराला तो ऐकू येतो का? तसं मेंदूचं झालं होतं. त्याला वाटायचं तुम्ही उपाशी आहात. मग तो भूक वाढवायचा आणि खाल्लेलं जपून ठेवायचा. त्यात तुम्ही खाणं तोडलं की तो आणखी घाबरायचा, अंग थंड पाडायचा." मे महिन्यातली शाल माझ्या डोळ्यांपुढं आली. त्यांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. अडिपोनेक्टिन म्हणून चरबीचंच दुसरं संप्रेरक, इन्सुलिनला हात देणारं. माणूस फार जाड झाला की ते कमी होतं. रशिदाचं आधी तळाला गेलेलं, आता वर आलं होतं, आणि लेप्टिन खाली. "वजन उतरलं की लेप्टिन उतरतं आणि एरवी भूक खवळते," त्या म्हणाल्या. "ऑपरेशननंतर तशी खवळत नाही. आतड्यामुळं असावं, पण पूर्ण उत्तर अजून आम्हालाही माहीत नाही."

त्या खोलीत मला जे वाटलं ते नीट सांगता येत नाही. वर्षानुवर्षं जिला मी कोठार म्हणत होते, ती चरबी रात्रंदिवस जागी होती, बोलत होती, माणसाची काळजी करत होती. एवढं मोठं काम आपल्या कातडीखाली चाललेलं आणि आपण त्याला हसतो. रशिदा मात्र भलतंच बोलली. पोटावर हात ठेवून म्हणाली, "म्हंजी ही इतकी वर्सं माझ्यासाठीच वरडत हुती? आन् मी हिलाच शिव्या घालत हुते. दमली असंल बिचारी." मग डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मी खोटं बोलत न्हवते, व्हय ना?" त्या म्हणाल्या, "नव्हतात."

परतीच्या एसटीत कापूरहोळ मागं पडलं. मग मी म्हटलं, रशिदा, तो खण मी उघडायला नको होता. माझं चुकलं. नऊ-दहा वर्षं उशिरानं म्हटलं, पण म्हटलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "उघडला ते बरंच झालं, बाई. सगळी म्हनायची चोरून खाती. म्हनून म्हनून मलाबी वाटाया लागलं हुतं, झोपेत उठून खात असंन का मी? तुमी हात घातला तवा मीच म्हनलं, आता काय निघतंय. काय निघालं न्हाई तवा लई धीर आला मला." मी तिचा हात धरला आणि भोर येईपर्यंत सोडला नाही.

चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी नसीमनं दुकान उघडलं, म्हणून मी जाऊन बसले. भोंगवलीची एक मुलगी आली, लग्न ठरलेली, चांगलीच जाड. बाकी शिंपी मापं मोठ्यानं ओरडून सांगतात आणि दुसरा कुणी ती लिहून घेतो. रशिदा तसं कधी करायची नाही. टेप लावायची, मनात वाचायची आणि स्वतःच लिहायची. नसीमनंही तसंच केलं. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी ती मुलगी आपणहून म्हणाली, "मी काय जास्त खात न्हाई ओ. घरी कुनाला खरंच वाटत न्हाई." आणि आम्ही हसायची वाट बघत खाली मान घालून उभी राहिली. नसीमनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मला खरं वाटतं. बैस हितं माझ्याजवळ, सांगते."