पेटीचे सभासद

अंबडकडच्या आमच्या गावात चाळीस घरांनी मिळून मयत ठेवायची थंड पेटी घेतली, तेव्हा मला कोण अभिमान वाटला होता. गावची लेकरं नोकरीपायी, लग्नापायी लांब गेलेली. आईबापाचं शेवटचं तोंड त्यांना बघायला मिळावं, एवढ्यासाठी ही पेटी. मी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, म्हणून हजेरीची वही माझ्याकडे आली. पेटी जड, टेम्पोतून उतरवायला आठ माणसं लागत. त्यामुळे नियम केला: पेटी कुणाच्याही दारी जावो, प्रत्येक घरातला एक माणूस आलाच पाहिजे. लागोपाठ पाच वेळा गैरहजर, तर नाव कमी.

नियम चांगलाच होता. पण गेल्या उन्हाळ्यात एकाच दिवशी दोन मयती झाल्या. दुसऱ्या घरची माती घाईघाईत उरकावी लागली, आणि तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात किडा शिरला. आपल्या घरी वेळ आली तेव्हा पेटी रिकामी सापडेल का? तोंडाने मात्र शिस्त, शिस्त. खरं तर सभासद कमी झालेले प्रत्येकाला हवेच होते. मलासुद्धा. माझी आई नव्वदीची आहे.

पहिला बळी गेला तो जालन्याच्या एमआयडीसीत, सळईच्या कारखान्यात पाळीवर जाणारा माझा जुना विद्यार्थी. पाच मयतींना तो आला नाही, हे खरं. पण त्याची माय प्रत्येक मयतीला आली होती. माझे वडील पेटीत होते तेव्हा काचेवर सारखं दव धरायचं. ही बाई दिवसभर शेजारी बसून पदराने काच पुसत होती, येणाऱ्याला चेहरा दिसावा म्हणून. वहीत तिची हजेरी नव्हती. बायका मसणवट्यात जात नाहीत, मग त्यांची हजेरी कसली धरायची, असं आम्ही शहाण्यांनी ठरवलेलं. नाव कमी करायला हात वर करा म्हटल्यावर मी केला. लिहितानाही स्वतःची चीड येते.

यंदा वैशाखात तीच बाई सकाळी गेली. पोरगा धावत पेटी मंडळाच्या अध्यक्षांच्या दारी आला. मी तिथेच चहा पीत बसलो होतो.

"माय गेली. पेटी पाहिजे. ताई जम्मूहून निघून राह्यली."

अध्यक्ष बियाण्यांचे व्यापारी, पेटी त्यांच्याच गोदामात. म्हणाले, "तुझं नाव कटलं ना? मंग कशी मागून राह्यला?"

"पेटी रिकामी हाय ना पण?"

"आज हाय. उद्या सभासदाच्या घरी कोणी गेलं तं?"

पोराने माझ्याकडे पाहिलं. गोदाम उघडा, एवढंच म्हणायचं होतं मला. मी म्हणालो, "संध्याकाळी बैठक बोलावतो." पळपुटेपणाला यापेक्षा सभ्य शब्द मराठीत नसावा.

त्याने बर्फाच्या लाद्या आणल्या. उन्हाने दुपारपर्यंत त्यांचं पाणी केलं. चारच्या सुमारास माती उरकली. बैठक झालीच नाही, आणि अध्यक्ष मातीला सगळ्यांच्या पुढे. अंगाचा तिळपापड झाला माझा, पण मीही त्यांच्याच मागून चालत राहिलो.

तिसऱ्या दिवशी, राख सावडून झाल्यावर लेक पोचली. रडून रडून घसा बसलेला. भावाने तिला काही सांगितलं नव्हतं. ती माझ्यापाशी आली, खाली वाकून पाया पडली.

"सर, त्या दिशी पेटीत दुसरं कोणी होतं का?"

"हो," मी म्हणालो.

"मंग इलाज न्हाई," ती म्हणाली. "त्यांच्या लेकरांना तरी तोंड दिसलं असंल."