अन्ना की हन्ना

आमच्या मुलीचं नाव सासूबाईंनी सुचवलं आणि घरात सगळ्यांची करमणूक झाली. मी भीमपूरकडची, मराठी बौद्ध घरातली. नवरा तेलुगू ख्रिस्ती, तेलंगणातल्या आदिलाबादेत मी शिकवते त्याच शाळेत शिक्षक. सासूबाई म्हणाल्या, नातीचं नाव अन्ना ठेवू. तेलुगू बायबलात देवळात राहणाऱ्या एका म्हाताऱ्या भक्तिणीचं तसं नाव आहे.

पण तेलुगूत अन्ना म्हणजे थोरला भाऊ. इथे ऑटोवाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळेच अन्ना. बाळाला बघायला आलेल्या माझ्या बाबांनी विचारलं, "पोरीले दादा काऊन म्हनून राह्यले तुमी?"

शेवटी नवऱ्यानं चर्चच्या पाळकांना विचारलं. ते म्हणाले, मूळ नाव हिब्रू, हन्ना. अर्थ कृपा. ग्रीक लिपीत त्या 'ह'ला अक्षरच नव्हतं, म्हणून ग्रीक बायबलात तो गळून अन्ना उरलं. मूल होत नाही म्हणून देवळात रडणारी जुन्या करारातली हन्ना आणि ही म्हातारी, दोघींचं नाव एकच.

बाबांना हे एकदम पटलं. 'आम्ही'तला ह आपणही खातोच की, म्हणाले. मग हन्नाच ठेवा, असं सांगून त्यांनी मोठ्यानं हाक मारून पाहिली. त्यांच्याबरोबर आलेला माझा भाऊ बाहेरून धावत आला. त्याला वाटलं, बाबा कुणाला तरी 'हान ना' म्हणून चिथावतायत.

नवरा हसत म्हणाला, त्यापेक्षा सरळ कृपा ठेवू. तशा सासूबाई उठून आत गेल्या. मी मागोमाग गेले. त्या बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होत्या.

"इतकी वर्षं तुला मूल नव्हतं," त्या तेलुगूत म्हणाल्या, "चर्चमध्ये मी हन्नाचंच पान उघडून बसायचे. हिला दे, एवढंच मागायचे. पण ते नाव ऐकून तुला ती वर्षं आठवतील, म्हणून मी अन्ना म्हटलं."

मूल कधी, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नव्हतं. मला वाटायचं, परजातीच्या सुनेचं मूल त्यांना फारसं नकोच असेल. त्यांच्या हातातलं दुपटं घेऊन मीही घडी घालू लागले. बाहेर येऊन सांगितलं, नाव हन्नाच.

बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण नणंद आपणहून बाजूला सरली. सासूबाई पाळण्यावर वाकल्या आणि 'ह'वर चांगला जोर देऊन त्यांनी नाव सांगितलं. मुलगी गाढ झोपली होती.