मावशीचे साईं

मावशी कुठलंही काम "साईं" म्हटल्याशिवाय सुरू करत नसे. सुईत दोरा ओवताना साईं, गॅस पेटवताना साईं, आणि लाईट गेली की जरा वरच्या पट्टीत "साईं!" नात्याने ती आमची कुणी नव्हे; मोरिवलीत आमच्यापासून चार घरं सोडून तिची खोली होती, त्यामुळे हा गजर आमच्या ओटीपर्यंत यायचा. माझी आई दर गुरुवारी शिर्डीच्या बाबांचा उपास करणारी. तिने ऐकूनच ठरवून टाकलं की ही बाई आपल्यातलीच. त्या एका गैरसमजामुळे मी आज धड आहे.

मी तेव्हा माहेरी परतले होते. दोनदा दिवस राहून पोटातलं मूल गेलं होतं, आणि सासरच्यांना तिसऱ्यांदा वाट बघायची नव्हती. नवऱ्याने कात्रपच्या फ्लॅटवरून मला स्कूटरवर बसवून आणलं, "चार दिवस राहा, मी येतो न्यायला" म्हणाला, आणि त्या चार दिवसांचे अकरा महिने झाले. मी बॅगसुद्धा उघडली नव्हती. बॅग खाटेखाली आणि मी खाटेवर. जेवण म्हणाल तर दोन घास, तेही आई समोर बसली तर. शेवटी एका सकाळी आईने मला दंडाला धरून उठवलं.

"चल गो. ती साईंवाली बाय हाय ना, तिच्याकडं बस जरा. बाबांचं नाव तरी कानावर परल."

मावशीकडे जीन्सचे ढीग असत. उल्हासनगरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं तिने शिलाई मारली होती. गुडघे गेल्यावर मालक चुकलेला माल टेम्पोने घरी पाठवू लागला. त्याला त्या धंद्यात अल्टर म्हणतात. तिरकी बसलेली चेन, वाकडा खिसा, सगळं उसवून पुन्हा शिवायचं. तिने मला नाव विचारलं नाही, काय झालं तेही विचारलं नाही. हातात अर्धं ब्लेड दिलं.

"शिवायला कुणीपण शिकतं. तू आधी उसवायला शीक. कापड ओढायचं नाही, टाका कापायचा."

मी ओढायचेच. माझ्या हातात तेव्हा ओढण्याशिवाय दुसरं काही नव्हतं. ती माझ्या हातावर हात ठेवून ब्लेड फिरवायची आणि वर बघून म्हणायची, "साईं, पोरीचा हात हलका करा." इतक्या सहज, की मालक शेजारच्या खुर्चीत बसलाय असं वाटावं. मी मान खाली घालून टाके कापत राही. महिन्याभराने माझ्या लक्षात आलं की दुपारी मला भूक लागते.

आईला वाटलं, बाबा पावले. एका गुरुवारी ती नारळ आणि उदीची पुडी घेऊन मावशीच्या दारात उभी राहिली. मावशीने नारळ घेतला, पुडी मात्र परत तिच्या हातात ठेवली.

"ताई, तुमच्याशी खोटं नाही बोलणार. माझे साईं म्हणजे येशू. कारखान्यात सिंधी मालकाला सगळे साईं म्हणायचे, तेच तोंडात बसलं. आमचे पास्टर रागावतात, प्रभू म्हणा म्हणून. पण पगार देणाऱ्याला बावीस वर्षं साईं म्हटलं, मग ज्याने मला मरणातून उठवलं त्याला काय कमी म्हणू?"

मरण म्हणजे काय ते तिने त्याच दिवशी सांगितलं. चार वर्षांचा मुलगा तापाने गेला आणि दोन वर्षं तिने चूल पेटवली नव्हती. शेजारीण ओढून प्रार्थनेला घेऊन गेली. "मी चहासाठी जायचे हो," मावशी म्हणाली. "एक दिवस ते वधस्तंभाचं वाचत होते. त्याची आई खाली उभी होती म्हणे, बघत. मला वाटलं, हिला माझं कळतंय. त्या दिवशी पहिल्यांदा रडले. घरी येऊन भात टाकला."

आईने उदीची पुडी कमरेला खोचली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "पोरगी जेवाला लागली. मना बास." आणि त्या नारळाची चटणी आम्ही तिघींनी खाल्ली.

पण मावशीवर माझा राग निघायचा होता. तिने एक दिवस डोळे मिटून म्हटलं, "साईं, प्रशांतला सांभाळा." प्रशांत माझा नवरा. माझ्या हातातली जीन्स टर्रकन फाटली. मी ब्लेड फेकलं, नाही नाही ते बोलले आणि निघून आले. आठ दिवस गेले नाही. नवव्या दिवशी मावशी ते गुडघे घेऊन, भिंती धरत धरत आमच्याकडे आली. काखेत तीच फाटकी जीन्स.

"तो चांगला आहे म्हणून नाही गं मागत त्याच्यासाठी. त्याने तुला शिवून ठेवलंय त्या चार दिवसांत. टाका कापल्याशिवाय तू सुटणार कशी? ओढलंस की फाटतेस तूच."

मी खूप रडले. संध्याकाळी बॅग उघडली, साड्यांना कुबट वास येत होता, त्या धुऊन वाळत घातल्या. पुढल्या रविवारी मावशीबरोबर प्रार्थनेला गेले, आणि जात राहिले. मला काही तेज दिसलं नाही की आवाज ऐकू आला नाही. आपल्याला टाकून न देणारं कुणीतरी आहे, एवढंच हळूहळू पटत गेलं, आणि मला तेवढं पुरलं. पुढे रीतसर घटस्फोट झाला. मी स्वतःचं मशीन घेतलं. फक्त मावशीबरोबर प्रार्थनेला बसलं की प्रशांतचं नाव माझ्या तोंडून निघत नसे. मावशी दर वेळी थांबायची, मी गप्प बसायचे, मग तीच घ्यायची.

गेल्या वर्षी तिच्या अंगावरून वारं गेलं. वाचा बसली. एकच शब्द उरला, आणि तो कुठला हे सांगायला नको. पास्टर येऊन प्रार्थना करून गेले. ती जाण्याच्या आठ दिवस आधी मी तिला पेज भरवत होते, आई दाराशी उभी होती. मावशीने माझा हात धरला आणि म्हणाली, "साईं."

मी उभ्या जन्मात कुणासमोर मोठ्याने प्रार्थना केली नव्हती. अडखळत म्हटलं, "साईं, मावशीला बरं करा." तिने मान हलवली. नाही. "साईं, आईला सांभाळा." पुन्हा नाही. हात आणखी घट्ट. "साईं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत थांबली, नेहमीसारखी.

मला कळलं. दाराशी आईने हात जोडले होते, तिच्या साईंना की आमच्या, तिचं तिला ठाऊक. मी डोळे मिटले.

"साईं, प्रशांतला सांभाळा."

मावशीचा हात सैल झाला. मी स्वतःला तपासून पाहिलं, कापड कुठेही फाटलं नव्हतं.