थांबू का?

काल रस्त्याच्या कडेला एक माणूस सायकल आडवी टाकून पाय चोळत बसला होता. त्याला पाहून मला दिनकर आठवला.

पंचेचाळिशीत मला पोहायला शिकवलं ते दिनकरनं. छोट्या ट्रायथलॉनमध्ये आम्ही दोघांनी मिळूनच नाव दिलं. आधी तलावात पोहायचं, मग सायकल, शेवटी पळायचं. पाण्यातून तो माझ्या बराच आधी बाहेर पडला. पुढे सायकलच्या चढावर मात्र तो पोटरी धरून बसलेला दिसला. पायात गोळे आले होते.

"थांबू का रे?" मी विचारलं. माझे पाय पेडलवर फिरतच होते.

"जा, जा तू," तो म्हणाला.

मी गेलो. खरंच थांबायचं असलं की माणूस विचारत बसत नाही, आधी खाली उतरतो. समोरच्यानं 'जा' म्हणावं, एवढ्याचसाठी मी विचारलं होतं. घरी दमलेल्या बायकोलाही मी वर्षानुवर्षं "मदत करू का?" असं दारातूनच विचारत आलो.

वयोगटात मी तिसरा आलो. दिनकर लंगडत पोचला, माझ्या गळ्यातलं पदक त्यानं हातात घेऊन पाहिलं.

"छान आहे," म्हणाला.

त्यानंतर त्यानं पोहायची वेळ बदलली. का, ते मी विचारलं नाही.